गाडीत गोड खाऊ नये

आमच्या गाडीताई रोज सकाळी व्हॅनच्या बॉनेटवर दोन थापा मारतात आणि विचारतात, "काय, झोप झाली का?" मग माझ्याकडे वळून तोच प्रश्न त्याच सुरात मलाही विचारतात, थापा तेवढ्या मारत नाहीत. अकरा वर्षं आम्ही एकत्र काम करतो आहोत, पण व्हॅनमध्ये आणि माझ्यात त्यांना नेमका किती फरक दिसतो हे मला अजून उमगलेलं नाही.

व्हॅन मोठ्या ग्रंथालयाची आहे, वय वर्षं चोवीस. मागे दोन्ही बाजूंना पुस्तकांची शेल्फं, टोकाला वाचकांसाठी एक बाक आणि बाकाखाली थंडीच्या दिवसांसाठी हीटर. आठवड्यातले पाच दिवस आम्ही शहराबाहेरच्या वस्त्यांवर पुस्तकं घेऊन जातो. पुढे त्या, मागे मी. मी ग्रंथपाल. 'गाडीताई' हे नाव पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की एकदा हजेरीपत्रकावर मीही तेच लिहून बसलो होतो.

त्यांचे वडील प्लंबर. लहानपणी वडील मोरीत, टाकीखाली, जिन्याखाली आडवे होऊन काम करायचे तेव्हा टॉर्च धरायला ही लेक. पुढे लग्न झालं ते टेलरशी. सुरुवातीला त्या पावाची गाडी चालवायच्या, मग आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान त्यांना 'पायलट' म्हणतात आणि संध्याकाळी त्या घरी शिरल्या की मशीन थांबवून विचारतात, "उतरलं का विमान?" दोघांचं असं चालतं.

माझा स्वभाव किरकिरा आहे. असं माझी बायको म्हणते, बहीण म्हणते आणि अख्खं ग्रंथालय म्हणतं, तेव्हा खरंच असावं. पुस्तक वाकडं लागलेलं मला बघवत नाही. गाडीत मी लावलेल्या प्रत्येक पाटीखाली लावल्याची तारीख असते. आणि खडखड तर मला अजिबात सहन होत नाही. वनस्पतींच्या कोशाचे सात जाडजूड खंड बाकाजवळच्या सगळ्यात खालच्या शेल्फात असतात. आठ वर्षांत त्यांना कुणी हात लावलेला नाही, पण रस्त्यात खड्डा आला की सातही खंड एकदम दात वाजवायचे. शेवटी एका रविवारी मी रद्दी आणि जुन्या तारीख-चिठ्ठ्यांचे घट्ट बोळे करून खंडांच्या मागे ठासून भरले. सोमवारपासून खडखड बंद. गाडीताई म्हणाल्या, "सर, आज मागे एवढं शांत कसं? तुम्ही आहात ना गाडीत?" मी नुसता हसलो. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं मला.

त्यानंतर काही महिन्यांनी थंडी सुरू झाली, आम्ही हीटर चालू केला आणि आठवड्याभरात व्हॅन तापायला लागली.

पहिल्यांदा झालं ते पाण्याच्या टाकीकडच्या चढावर. टेम्परेचरचा काटा सरकत लाल पट्ट्याला टेकला. गाडीताईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "अहो, झाकण उघडून पाणी घाला की." त्या म्हणाल्या, "तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं ना, तर तुमची दाढी आज फुकटात होईल. जरा दम धरा." तासाभराने त्यांनी झाकण उघडलं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी, पार तळाला गेलं होतं. त्यांनी ते भरलं आणि आम्ही पुढे गेलो. चार दिवसांनी पुन्हा तेच.

संध्याकाळी गाडी उभी केली की गाडीताई तिच्याखाली मोठा पुठ्ठा अंथरायच्या आणि सकाळी गुडघे टेकून तो निरखायच्या. पुठ्ठ्यावर थेंब नाही. ग्रंथालयाच्या मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री भले माणूस, पण निदान आधी आणि तपासणी मागाहून. त्यांनी रेडिएटरला हातपंप लावून दाब दिला. दाब उतरला. बाहेर कुठे गळताना दिसेना.

"मग आतल्या आत जळतंय," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "हेड गॅस्केट गेलं, इंजिनाच्या आतलं पॅकिंग. इंजिन उघडावं लागेल."

"ऑइल स्वच्छ आहे. धूर पांढरा नाही. गॅस्केट कसं जाईल?" गाडीताई म्हणाल्या.

"सुरुवात असेल."

"पाणी जातंय कुठे ते कळल्याशिवाय मी इंजिन उघडू देणार नाही, दादा."

हे सगळं वाहन विभागाच्या साहेबांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी पत्र आलं. चोवीस वर्षांच्या गाडीचं इंजिन उघडण्यात अर्थ नाही. शुक्रवारपर्यंत दोष सापडून दूर झाला तर ठीक, नाही तर व्हॅन भंगारात. ग्रंथपालांनी मुख्य ग्रंथालयात रुजू व्हावं आणि चालकांनी तिथल्या दाराशी पिशव्या ठेवून घेण्याच्या खिडकीवर बसावं.

पत्र वाचून गाडीताईंनी त्याची घडी केली, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी केली. मग म्हणाल्या, "सर, पिशव्या घ्यायच्या आणि बिल्ले द्यायचे. तीन वर्षं राहिलीत माझी. मला चालवत चालवत रिटायर व्हायचंय हो." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं आणि मी शेल्फं पुसत बसलो.

सोमवारी सकाळी बॉनेट उघडलेलं दिसलं आणि मी चाटच पडलो. इंजिनाच्या प्रत्येक नळीला, प्रत्येक सांध्याला पांढऱ्या अस्तराची पट्टी बांधलेली. अपघात विभागात आल्यासारखं वाटत होतं.

"बाबांची युक्ती," गाडीताई म्हणाल्या. "सांध्याला पांढरं गुंडाळायचं. डोळ्याला न दिसणारा ओलावाही पांढऱ्यावर डाग पाडतो. ते कागद गुंडाळायचे, आमच्या घरी चिंध्यांना काय तोटा!"

दिवसभर गाडी फिरवली. संध्याकाळी त्यांनी एकेक पट्टी सोडून उजेडात धरली. सगळ्या कोरड्या ठाक. मंगळवारी त्या गाडीखाली आडव्या झाल्या आणि मागच्या हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाईपांना टोकापर्यंत पट्ट्या बांधल्या. त्याही कोरड्या. मग अंगावरची धूळ झटकत मागच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, ते पाईप गाडीच्या तळातून वर येतात ना, तो सांधा तेवढा राहिलाय. झाडांच्या पुस्तकांच्या मागे. जरा शेल्फ रिकामं करता?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तिथे पुस्तकं आहेत, पाणी नाही. ओलं असतं तर मला कळलं नसतं? बसवलेले खंड आहेत ते, उगाच हलवू नका."

त्यांनी माझं ऐकलं. पुस्तकांच्या बाबतीत त्या माझा शब्द कधीच खाली पडू देत नाहीत. बुधवार बॉनेटमध्ये डोकं घालण्यात गेला.

गुरुवारी दुपारी आम्ही शेवटच्या थांब्यावर होतो. गाडीताई हात गरम करायला मागे बाकावर येऊन बसल्या होत्या. शेजारी एक निवृत्त नर्सबाई कादंबरी चाळत होत्या. त्या म्हणाल्या, "इथे कसलं तरी औषध सांडलंय का हो? खोकल्याच्या बाटलीसारखा गोडसर वास येतोय."

"पोरं," मी म्हणालो. माझ्या जिव्हाळ्याचाच विषय निघाला होता. "चॉकलेटं खातात आणि चिकट हातांनी पुस्तकं उचलतात. म्हणून तर ती पाटी लावली." आणि मी बोट दाखवलं. बाकाच्या वर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: गाडीत गोड खाऊ नये.

गाडीताईंनी पाटीकडे पाहिलं. मग पाटीखालच्या तारखेकडे. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"सर, तीन आठवडे झाले ही पाटी लावून."

"हो. तरी कुणी जुमानत नाही."

"आणि गाडी पाणी प्यायला लागली त्यालाही तीन आठवडेच झाले." त्या उभ्या राहिल्या. "कूलंटचा वास कसा असतो माहितीये? गोड."

पाटीसमोर एका सातवीतल्या मुलीला मी खिसे उलटे करायला लावले होते, ते मला आठवलं. मी गुडघ्यांवर बसलो आणि खंड काढायला लागलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा निघेना. दोघांनी मिळून ओढला तेव्हा तो सुस्कारा टाकून बाहेर आला, दुप्पट फुगलेला, आणि त्याच्या पानांच्या कडा हिरव्या झालेल्या. सहावाही तसाच. त्यामागे माझे बोळे होते. एकेक बोळा पिळला तर पेलाभर कूलंट निघालं असतं. थेंब थेंब गळलेलं सगळं माझ्या रद्दीने आणि वनस्पतिकोशाने पिऊन टाकलं होतं, म्हणून पुठ्ठा रोज कोरडा.

गाडीताईंनी टॉर्च मारला. माझ्या बोळ्यांनी पाईप एका बाजूला वाकवला होता आणि क्लिपजवळ त्याला करंगळीच्या नखाएवढी चीर गेली होती.

"हे माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "आणि मंगळवारी मीच तुम्हाला बघू दिलं नाही. तुमची नोकरी गेली असती, ताई." मला रडू यायचंच बाकी होतं.

त्यांनी फुगलेल्या खंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटल्या. "झाडांचं पुस्तक आहे ना सर, पाणी पिणारच!" नर्सबाईही हसायला लागल्या. मग गाडीताई म्हणाल्या, "रडताय काय, टॉर्च धरा."

मी टॉर्च धरला. इंजिन गार होईपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी दोन्ही पाईपांना चिमटे लावले, क्लिप सोडली आणि चिरलेलं टोक दोन बोटांएवढं कापून टाकलं. पाईपला तेवढी ढील होती. उरलेला पाईप सांध्यावर घट्ट चढवला, हत्यारांच्या डब्यातून नवी क्लिप काढून आवळली, वर अस्तराची पट्टी बांधली. रेडिएटरमध्ये कूलंट भरून, झाकण उघडंच ठेवून, हीटर पूर्ण चालू ठेवून त्यांनी इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले तोवर त्या थोडं थोडं कूलंट घालत होत्या. बुडबुडे थांबले, पातळी स्थिर झाली, मग झाकण लागलं. मला मध्येच दोनदा ऐकावं लागलं, "सर, उजेड माझ्या हातावर, तुमच्या बुटांवर नाही." त्यांचे बाबाही असंच ओरडत असणार.

त्या संध्याकाळी मी तपासणीचा कागद भरायला घेतला. त्यात 'दोषाचं कारण' असा रकाना होता. गाडीताई म्हणाल्या, "जुना पाईप, एवढंच लिहा. खोटं नाही ते." पण मी सगळं लिहिलं, बोळे, मंगळवारचा नकार, पाटीसुद्धा. जागा पुरली नाही तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं आणि खाली तारीख घातली.

शुक्रवारी साहेब स्वतः आले. कागद वाचताना त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "वनस्पतिकोश?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून हो म्हणालो. "चला, चढ दाखवा," म्हणत ते गाडीताईंच्या शेजारी बसले. मी मागे बाकावर, खालच्या शेल्फातली पांढरी पट्टी बघत. सगळे खंड काढून ठेवले होते तरी शेल्फाची फळीच खडखडत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती खडखड गोड वाटली. टाकीकडचा चढ संपला. पुढून साहेबांचा आवाज आला, "काटा हललासुद्धा नाही की हो." पट्टी पांढरीच होती. व्हॅन राहिली, गाडीताईही राहिल्या.

परतल्यावर मी ती पाटी काढली. सोमवारी त्या सातवीतल्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि तिने ती जरा जास्तच ऐटीत स्वीकारली.

सहावा खंड टाकून द्यावा लागला. पाचवा मी आठवडाभर उन्हात वाळवला, पण तो काही नीट मिटेना. रद्दबातलाचा शिक्का काढला, तेवढ्यात गाडीताई मागच्या दारात उभ्या.

"तो मला द्या," त्या म्हणाल्या. "माझं तीन लिटर पाणी प्यायलाय. आत आहे तरी काय ते बघते."

अकरा वर्षांत त्यांनी एकही पुस्तक नेलं नव्हतं. मी नवी तारीख-चिठ्ठी चिकटवली. नियम चौदा दिवसांचा आहे आणि तो मी माझ्या सख्ख्या बहिणीसाठीही कधी मोडलेला नाही. शिक्क्याची चाकं मी फिरवत बसलो, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. बराच वेळ लागला. मग शिक्का मारून खंड त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तारीख वाचली. तीन वर्षांनंतरची, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची.

"उशीर झाला तर दंड पडेल," मी म्हणालो.

"नाही होणार उशीर," त्या म्हणाल्या. खंड काखेत मारून त्या पुढे जाऊन बसल्या आणि गाडी सुरू केली.