टोपलीतल्या हिरव्या बाटल्या

मुलांनो,

मागच्या डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा तुमच्या आईने विमानतळावरून येतानाच पाण्याच्या बाटल्यांचं खोकं आणलं होतं. दात घासायलासुद्धा तेच पाणी. धाकटीने मला विचारलं, "आजी, तुझ्या वेळी कुठल्या कंपनीचं पाणी होतं?" मी म्हटलं, "म्युनिसिपालटीचं." ती कंपनी तिच्या ऐकण्यात नव्हती. तेव्हा नीट सांगणं झालं नाही, म्हणून आता लिहिते.

आमच्या तरुणपणी मुंबईत बाटलीतून सोडा मिळे, औषध मिळे, गुलाबपाणी मिळे. साधं पाणी कोणी बाटलीत भरून विकत नसे. तहान लागली तर कुठल्याही दारात उभं राहून पाणी मागावं, नाहीतर पाणपोई गाठावी. पुष्कळ वर्षांनी मोठ्या हॉटेलांतून परदेशी पाहुण्यांसाठी सीलबंद पाणी ठेवायला लागले, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. मग काचेची बाटली प्लास्टिकची झाली, एस.टी.च्या थांब्यावर आली, आजारी माणसाच्या उशाशी आली. एका लग्नात प्रत्येक ताटासमोर एकेक इवलीशी बाटली उभी दिसली, आणि आपलं हसणं नेमकं कधी थांबलं तेच मला आठवेना.

पण आमच्या घरात बाटलीतलं पाणी या सगळ्याच्या कितीतरी आधी आलं. ते आलं तुमच्या पणजीमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमची वाडी ठाकूरद्वारला, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंचा आवाज असा की त्यांनी गॅलरीतून हाक मारली तर पुढच्या वाडीत शिरलेली भाजीवालीही मागे फिरे. त्यामुळे बायकांचा मोर्चा परळहून निघून शिवाजी पार्कच्या सभेला जायचा ठरला, तेव्हा आमच्या वाडीने एकमताने घोषणा द्यायचं काम त्यांच्याकडे दिलं. त्या मनातून इतक्या खूश झाल्या, की त्या रात्रीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

अडचण एकच होती. सासूबाई घराबाहेर पाणी घेत नसत. दादरला सख्ख्या बहिणीकडे दिवसभर जाऊन आल्या तरी घरी येऊन पहिला तांब्या रिकामा करत. आणि इथे तर उन्हातून परळ ते दादर चालायचं, तेही ओरडत.

"आई, घरचं पाणी बाटलीत भरून नेऊ या," मी म्हटलं. मी नुकतीच बी.ए. झालेली होते आणि इंग्रजी पुस्तकांतल्या मडमा सहलीला काय काय नेतात ते मला पाठ होतं.

"बाटली?" त्यांनी डोळे मोठे केले. "दारूबंदी आहे ना गं? ट्राममध्ये मांडीवर बाटली घेऊन बसले तर माझ्या माहेरच्यांना काय सांगशील?"

पण दुसरा उपाय नव्हता. वाडीत जुन्या बाटल्या विकणारा बाटलीवाला येत असे, त्याच्याकडून एक हिरवी बाटली घेतली. सासूबाईंनी तिच्यात राख आणि तांदळाचे दाणे घालून ती इतकी खळखळवली, की शेजारणी विचारायला आल्या. तांब्याच्या हंड्यातलं, वाळ्याच्या सुगंधी मुळ्या घातलेलं पाणी भरून बूच बसवलं. आपली बाटली ओळखू यावी म्हणून गळ्याला नाडापुडीचा लाल दोरा बांधला. पूजेच्या फडताळात तो असायचाच.

मोर्चाच्या दिवशी ट्राममधून परळला उतरलो. तिथे परळच्या बायकांनी फलक आणि झेंडे ठेवायला एक हातगाडी आणली होती. ती ढकलायला पदर खोचून एक उंच बाई उभी होती, गिरणीत सुताच्या खात्यात काम करणारी. "हात मोकळे ठेवा," ती म्हणाली. "बाटल्याबिटल्या टोपलीत टाका इकडे." त्या घाईगर्दीत आम्ही सगळ्यांनी पिशव्यांतून आपापल्या बाटल्या काढून तिच्या टोपलीत ठेवल्या, तिने आपलीही ठेवली, आणि मोर्चा निघाला.

सासूबाई झेंडा घेऊन पुढे. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." त्या म्हणत, आणि मागून गर्जना येई, "झालाच पाहिजे!" दुतर्फा चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. सासूबाईंचा चेहरा असा फुलला होता की मला त्या ओळखूच येईनात. पण अर्ध्या वाटेवर आवाज चिरकायला लागला, आणि पुढच्या घोषणेला तर 'संयुक्त' तोंडातून निघालंच नाही. मोर्चा जरा थांबला होता. त्या मला म्हणाल्या, "बाटली आण गं."

मी टोपलीपाशी गेले आणि बघतच राहिले. टोपलीभर हिरव्या बाटल्या, कडेची एक सोडली तर प्रत्येकीच्या गळ्यात लाल दोरा. आमचं बघून वाडीतल्या सगळ्या घरांनी त्याच बाटलीवाल्याकडून बाटल्या घेतल्या होत्या, आणि आपली वेगळी ओळखू यावी म्हणून सगळ्यांनी फडताळातला तोच दोरा बांधला होता.

"आता?" मागोमाग आलेल्या सासूबाईंना मी म्हटलं.

"आता काय! आपल्याला वाळा आहे," सासूबाई म्हणाल्या. "चाखून बघते. चाखणं म्हणजे काही पिणं नव्हे."

त्यांनी झेंडा गाडीला टेकवला आणि एकेक बूच काढून दोन थेंब तळहातावर घ्यायला सुरुवात केली. तीर्थ घेतात तसं ओठांना लावायचं, आणि सवयीने हात डोक्यावरून फिरवायचा! बायका भोवती गोळा झाल्या.

"हे कापराचं. हे कुणाचं गं, खोकल्याच्या औषधाचा वास आहे. आणि हे..." त्या एका बाटलीशी थबकल्या.

"काय वो काकू," आमच्या खालच्या मजल्यावरची मालवणी शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या पाण्याक बांगड्याचो वास येता काय?"

"अगं नाही, चांगलं आहे. गोड आहे."

"गोड आसतलाच. पण वाळ्याचा म्हणतास तर तां मीच पियालंय. परळाक उतरल्यावर, टोपलेतली काढून. मी म्हटलंय, आज म्युनिसिपालटीन पाण्यात अत्तर घातल्यान की काय!"

सगळ्या खो खो हसल्या. सासूबाईही हसल्या, पण घशातून नुसती हवा आली. पुढच्या बायका मागे वळून बघत होत्या. कोणीतरी ओरडलं, "घोषणा का थांबल्या? काकूंना होत नसेल तर दुसऱ्या कोणाला द्या!" सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. ती जागा सोडायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

तेवढ्यात गाडीवरची परळची बाई म्हणाली, "मावशी, एवढ्या घरांचं तीर्थ घेतलंत, एक माझंच ठेवलंत."

"तुझी कुठली?"

"ती बिनदोऱ्याची. पण आधीच सांगते हां, मागून बोलायला नको. आम्ही बौद्ध. चाळीच्या नळाचं पाणी आहे. घ्यायचं तर पोटभर घ्या. थेंब थेंब चाखायला मी नाही द्यायची."

सासूबाईंनी टोपलीकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. मला वाटलं, आता या झेंडा दुसरीच्या हातात देणार आणि माझ्याबरोबर ट्रामने परत येणार.

"म्हणजे या अख्ख्या टोपलीत," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "एवढी एकच बाटली अशी आहे की कुणाची ते मला पक्कं माहीत आहे. आण."

तांब्याने वरून पाणी पिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण बाटलीची गोष्ट वेगळी. पहिली धार नाकावर गेली, दुसरी पदरावर. परळच्या बाईला हसू आवरेना. "असं नाही हो मावशी, तिरकी धरा, घाई नको. हां, आता बघा." सासूबाई प्यायल्या, घट घट आवाज करत, डोळे मिटून. बाटली खाली केली ती रिकामीच.

"संपवलंत?" बाई म्हणाली. "सगळी? आणि आता शिवाजी पार्कापर्यंत गाडी ढकलत मी काय पिऊ?"

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं आणि टोपलीतली एक हिरवी बाटली उचलून तिच्या हातात दिली. "ही घे. नाहीतर ती घे. कुठलीही घे. सगळ्या मी चाखून बघितल्यात, एकही वाईट नाही."

"माझी पण?" मालवणी शेजारणीने विचारलं.

"तुझी सगळ्यांत चांगली," सासूबाई म्हणाल्या, आणि झेंडा उचलून पुढे गेल्या. आम्ही कान टवकारले. आधी एक खाकरा आला, आणि मग तो तिसऱ्या मजल्यावरचा आवाज असा काही सुटला की गॅलरीतल्या एका तान्ह्या पोराने भोकाड पसरलं. 'झालाच पाहिजे' म्हणायला आम्हाला अर्धा क्षण उशीर झाला, तर त्यांनी वळून आमच्यावरच डोळे वटारले.