दत्तूने न बुजवलेली बिळं

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दातिवऱ्याला बोंबील वाळत घालत होते. ‘आत्या, बाबा गेले.’ उरलेले बोंबील दांडीवर टाकले आणि मगच निघाले. ओली मासळी कुजते. लोक बोलले, बोलू देत. त्याला दीड महिना झाला.

दत्तू माझा धाकटा भाऊ. बोईसरच्या कारखान्यात जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर बेटेगावकडच्या आपल्या भातशेतात मातीचा बांध घालून पाणी अडवलं. शेतीसाठी नाही. रविवारी शहरातल्या लोकांनी येऊन डुंबावं, होडीत बसावं म्हणून. मी म्हटलं, ‘समुद्र काय कमी पडला?’ तर म्हणाला, ‘बाय, समुद्रात ते बुडतात. हितं कंबरेएवडंच पाणी हाय.’ लोक यायचे, हे खरं. हा काठावर बसून त्यांच्याकडे बघत हसायचा.

खेकडे मातीचा बांध पोखरतात. दत्तू रोज संध्याकाळी पहार घेऊन बांधावर फिरायचा. खेकडा बाहेर काढायचा, बिळात चिकण माती ठासायचा आणि खेकडा कालवणात. गेल्या पावसाळ्यात मी गेले तर बांधाला बिळंच बिळं. म्हटलं, ‘डोळे फुटले काय तुझे?’ ‘ऱ्हाऊ दे बाय. त्यांनी तरी कुटं जायाचं?’ जन्मभर खेकडे खाणारा माणूस असं बोलतो... मला काही कळलं नाही. त्याची सून म्हणते, गुडघे गेले होते. भाचा म्हणतो, बाबांना लोकांचा कंटाळा आला होता. मला दोन्ही पटत नाही.

तेरावं झालं आणि बांधाखाली राहणारी सखू आली. ‘मावशी, बांध ऱ्हाणार का फुटणार? पावसात मी घरात निजू का नको, तेवडं सांग.’ भाचा माझ्याकडे बघायला लागला. घरात मोठी मीच. पण दत्तूच्या मनात काय होतं ते मला कुठे माहीत? म्हटलं, बघून सांगते.

सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बांध पाहिला. सखूच्या घराच्या बाजूची सगळी बिळं बुजवलेली. मी येऊन गेल्यावर कधीतरी त्याने ती बुजवली असणार. माती वाळून दगड झाली होती. उघडी बिळं फक्त पलीकडच्या टोकाला, जिथून बांध फुटला तर पाणी सरळ ओहोळात जाईल. म्हणजे बांध फुटावा असं त्याला वाटत होतं? की गुडघ्यांनी तिथवरच साथ दिली? आधी सखूची बाजू, बाकीचं जमेल तेव्हा, असं होतं? कोण सांगणार...

भाच्याला म्हटलं, ‘पलीकडच्या टोकाला बांध काप. पावसाच्या आत.’

‘बाबांना चाललं असतं?’

‘मला नाय माहीत. सखूला झोप लागली पायजे.’

पाणी गेलं. चिखल उरला, त्यात होडी आडवी पडली आहे. सखूच्या बाजूचा बांध मात्र तसाच उभा आहे. बुजवलेल्या प्रत्येक बिळावर दत्तूचा अंगठा उमटलाय, एकदाच, जोरात दाबलेला. मी माझा अंगठा त्यात ठेवून बघितला. त्याचा मोठा होता. लहानपणी माझा मोठा असायचा.