भिंतीपलीकडची टकटक

कंपनीचा खोका मंगळवारीच आला होता, पण शुक्रवारच्या चहाआधी तो उघडायचा नाही अशी ताकीद वर चिकटवलेली होती. रेलीन ट्रेझीसने तो फ्रीजवर ठेवला आणि येता-जाता त्याच्याकडे बघत राहिली. खोक्याला निळी फीत होती, आणि फितीखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: घरून काम करणाऱ्या आमच्या हिऱ्यांना. हिरे म्हणे! या हिऱ्यांना पाणी प्यायला उठायचं तरी संगणकाच्या पडद्यावरचं बटण दाबून परवानगी घ्यावी लागते. पण रेलीनला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. आमच्या मूंटा गावात माणसाचं कौतुक होतं ते एकदाच, चर्चच्या हॉलमध्ये, तो स्वतः पेटीत आडवा असताना.

शेजारच्या कडीनातली बँकेची शाखा बंद पडली तेव्हा रेलीनची खिडकीमागची नोकरी गेली. मग तिला ही विमा कंपनीची नोकरी मिळाली. फोन कानाला लावायचा आणि लोकांची रड ऐकून नुकसान नोंदवायचं. कुणाचं घर पुरात गेलं, कुणाचं छप्पर गारांनी फोडलं, की फोन थेट तिच्या मागच्या खोलीत. पूर्वी ती चॅपलमध्ये गायची, आवाज असा की समोरच्याचं अर्धं नुकसान तिथेच भरून यावं. त्याच सुमारास मर्वला, तिच्या नवऱ्याला, झटका आला. त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरबसल्या नोकरी म्हणजे दुधात साखर, असं सगळं गाव म्हणालं. रेलीनही म्हणाली.

मर्व म्हणजे कापणीयंत्रांचा मेकॅनिक. बार्लीच्या हंगामात त्याला शोधायचं तर आधी यंत्राखालून बाहेर आलेले बूट शोधायचे. गावच्या बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवायचा आणि घरातही ढोलासारखाच वागायचा. लेक केरेन्सा शाळेत होती तेव्हा रोज सकाळी तिच्या दारावर त्याच्या दोन टकटका पडायच्या. एक जोरात, मग जरा थांबून दुसरी हळू. "डॅड, उठले ना!" असं ओरडल्याशिवाय तो हलायचा नाही. वाचा गेल्यावर तीच टकटक त्याची भाषा झाली. त्याचा पलंग रेलीनच्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे होता. डाव्या हातात सुपाचा चमचा, आणि भिंतीवर टक... टक. म्हणजे ये.

कंपनीचा नियम मात्र साधा होता: घरून काम करा, पण घर ऐकू येता कामा नये. आधी गेला टिंकर. गलाह पोपटांचा थवा अंगणात उतरला की तो भुंकायचा, आणि कुत्र्याचं स्वाभाविकच आहे ते. पण वरच्या साहेबाने "गोड आहे हो तुमचा कुत्रा" असं अशा सुरात म्हटलं की रेलीनने आठवड्याभरात त्याला पॅस्कव्हिलला चुलतभावाच्या शेतावर धाडलं. मर्व पुढे किती दिवस त्याच्या रिकाम्या वाडग्याकडे बघत पडायचा. मग एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का?" तेव्हा रेलीनने स्टीलचा चमचा काढून घेतला. त्याच्या जागी लाकडी डाव दिला, त्यावर मर्वचाच जुना लोकरी पायमोजा चढवला आणि रबरबँड लावला.

"रागावला नाहीस ना रे?" तिने विचारलं.

मर्वने डाव्या हाताचा अंगठा वर केला. बिचारा दुसरं काय करणार होता?

आणखी एक सवय रेलीनला लागली होती. फोन चालू असताना कुणी खोलीत डोकावलं की तिचं एक बोट वर जायचं. एक मिनिट थांब. पोस्टमनला, शेजारणीला, सुट्टीत आलेल्या लेकीला, सगळ्यांना ते बोट दिसायचं. केरेन्सा चेष्टेने म्हणायची, "ममच्या थडग्यावर क्रॉस नको, हे बोटच उभं करा."

एप्रिलमध्ये मर्व गेला. उत्तरेकडे पूर आले होते, फोन थांबत नव्हते. दुपारी एक लांबलेला फोन संपवून रेलीन चहा घेऊन पलीकडे गेली, तर तो पलंगावरून अर्धा खाली ओघळलेला होता आणि डाव जमिनीवर पडला होता. दुसरा झटका, डॉक्टर म्हणाले. पटकन गेला की वेळ लागला, ते सांगता येत नाही. अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये लोक पेस्ट्या, म्हणजे मटणाच्या मोठ्या करंज्या, खात मर्वच्या गोष्टी सांगत होते, तेव्हा केरेन्साने आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्याने हाक नाही मारली? टकटक नाही केली?"

"नाही गं राणी. झोपेतच गेला. मी भिंतीला लागूनच होते, जरा खुट्ट झालं असतं तरी धावले नसते का?"

त्या एका वाक्यावर केरेन्सा तगून राहिली. ॲडलेडमध्ये ती दातांच्या दवाखान्यात काम करते. फोनवर रडू आलं की ती स्वतःच म्हणायची, "पण तू जवळ होतीस, मम. तो एकटा नव्हता." आणि रेलीन म्हणायची, "हो, जवळ होते." वर्ष होत आलं तशी केरेन्साने तिथल्या आपल्या परसातली शेड पाडून आईसाठी खोली बांधली, न्हाणीघरासकट. "त्या भिंतीकडे बघत एकटी किती दिवस बसणार आहेस? तुझा फोन काय, कुठूनही करता येतो." शनिवारी न्यायचं ठरलं. सामान भरून झालं होतं, गुरुवारी केरेन्सा गाडी घेऊन आलीही. कंपनीच्या आमंत्रणात लिहिलं होतं की शुक्रवारच्या पडद्यावरच्या चहाला घरच्यांनाही शेजारी बसवा, त्यांच्या त्यागाचंही कौतुक होणार आहे.

तर शुक्रवारी दोघी त्या मागच्या खोलीत पडद्यासमोर बसल्या. पडद्यावर चौकोनच चौकोन, प्रत्येकात एक चेहरा. मधल्या मोठ्या चौकोनात ब्रोडी. हा नवा साहेब, वयाने केरेन्साहून लहान, दात पांढरेशुभ्र.

"उघडा रे खोके!" तो ओरडला.

खोक्यात दोन लॅमिंग्टन निघाले, चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले, प्रवासात चेपलेले. एक चहाची पुडी, एक कागदी मुकुट, आणि दाराच्या मुठीला अडकवायची एक पाटी: शांतता, फोन चालू आहे.

केरेन्साने पाटी हातात घेऊन उलटसुलट केली. "हे बरंय. घर आपलं आणि पाटी त्यांची."

"गप गं, ऐकतील."

"मुकुट घाल ना, सगळ्यांनी घातलेत."

"मी काय जत्रेतलं माकड आहे?" असं म्हणत रेलीनने तो घातला. लेक हसली, आईही हसली. वर्षभरात त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं.

"मंडळी, तुमचे माइक मी इथून बंद केलेत," ब्रोडी म्हणाला. "चहा भुरकायला मोकळे! टाळ्या हात हलवून वाजवायच्या. आणि आता या वर्षीचा आमचा सर्वांत आवडता फोन. गिऱ्हाइकाने स्वतः कळवलंय की या बाईंनी मला त्या दिवशी जगवलं. या बाई म्हणजे आपल्या मूंट्याच्या रेलीन!"

सगळ्या चौकोनांत हात हलायला लागले. केरेन्साने आईला कोपर मारलं. "बघ! आणि मला म्हणतेस, कोण विचारतंय."

रेलीनचे कान लाल झाले. एवढ्या फोनांतला कुठला, ते तिला आठवेना. मग ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि एका म्हातारीचा घोगरा आवाज म्हणाला, "माझा पियानो हो... पियानो तरंगत तरंगत स्वयंपाकघरात गेला."

हा पियानो रेलीन विसरणार नव्हती.

बंद करा म्हणायला तिने माइकचं बटण दाबलं. ते दबेना. पुन्हा दाबलं. केरेन्सा लॅमिंग्टनचा तुकडा तोडत होती.

"आधी तुम्ही बसा," ध्वनिमुद्रणातली रेलीन सांगत होती. काय तो आवाज, मधात बोट बुडवून काढावं तसा. "बसलात का? आता सांगा."

म्हातारी सांगायला लागली. नवऱ्याने लग्नात घेतलेला पियानो, दर रविवारी त्यावर कोण काय वाजवायचं. आणि तिच्या बोलण्यामागे, अगदी खोल, काहीतरी मऊ आपटलं. धप... धप. एक जोरात, मग जरा थांबून दुसरं हळू.

केरेन्साचा हात लॅमिंग्टनवर थांबला.

"काही घाई नाही हो," ध्वनिमुद्रणातली रेलीन म्हणाली. "सावकाश सांगा. मला वेळच वेळ आहे."

धप... धप.

चौकोनांतले चेहरे माना डोलावत होते. एकीने डोळे पुसले. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं, आणि येणार कसं? पायमोजा चांगला जाड लोकरीचा होता. तो आवाज ओळखायला माणूस त्या घरात वाढलेलं असावं लागतं.

मग धपधप, धपधप, ताल नसलेली, घाईची. बँडमध्ये आयुष्यभर ताल न चुकलेला माणूस! रेलीनला सगळं आठवलं, म्हणजे ती ते विसरलीच कुठे होती. त्या दिवशी कामाचे महिन्याचे गुण अगदी काठावर होते, फोन मध्येच तोडला तर ते घसरले असते. आणि तो रोजच टकटकायचा, कधी उशीसाठी, कधी उगाच, नुसतं ती आहे ना बघायला. तिने मान वळवली होती आणि भिंतीला बोट दाखवलं होतं. एक मिनिट. भिंतीला! पलीकडच्या माणसाला ते दिसणार होतं थोडंच.

ध्वनिमुद्रणात म्हातारी काहीतरी गमतीचं बोलली आणि रेलीन खळखळून हसली. त्या हसण्याखाली एक शेवटची धप आली. पुढे बराच वेळ फोन चालला, पण मागे काही वाजलं नाही.

"वा!" ब्रोडी म्हणाला. "आणि एक गोष्ट ध्यानात घ्या मंडळी. या घरून काम करतात, पण घराचा एक आवाज तरी आला का? याला म्हणतात निष्ठा!" पुन्हा सगळे हात हलले.

केरेन्सा उभी राहिली होती. तिच्या बोटांना खोबरं चिकटलं होतं. "तो डॅड होता," ती म्हणाली. "तो डॅड होता ना?"

रेलीन खोक्याची निळी फीत गुंडाळायला लागली.

"तू म्हणालीस झोपेत गेला. माझ्या दारावर रोज वाजवायचा तो. मला कळत नाही असं वाटलं तुला? किती वेळा वाजवलं त्याने, मम! आणि तू त्या बाईच्या पियानोवर हसत होतीस."

"केरेन्सा, ऐक..."

"तू ऐकलंस का? तेवढंच सांग. तुला ऐकू येत होतं की नाही?"

रेलीनने तोंड उघडलं. खरं बोलायचं तर हीच वेळ होती, आणि ती बोलणार होती. निदान पुढे आयुष्यभर तिने स्वतःला तसं सांगितलं. तेवढ्यात पडद्यावरचा तिचा चौकोन मोठा झाला, कडेला हिरवा दिवा लागला आणि ब्रोडी म्हणाला, "रेलीन, तुमचा माइक चालू केलाय. दोन शब्द बोला!"

आणि तिचं बोट वर गेलं.

तिने ते उचललं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, आपोआपच गेलं. एक मिनिट. केरेन्साने त्या बोटाकडे पाहिलं. मग आईच्या डोक्यावरच्या कागदी मुकुटाकडे पाहिलं. ती पलीकडच्या खोलीत जाऊन आली तेव्हा तिच्या हातात तो लाकडी डाव होता, अजून पायमोजा चढवलेला. तो छातीशी धरून ती मागच्या दाराने बाहेर पडली. दरवाजाही तिने आपटला नाही, हळूच लोटला.

"रेलीन? आहात ना?"

"आहे," रेलीन म्हणाली. आवाज तोच, मधाळ, जरासुद्धा न हललेला. "मी तुमची सगळ्यांची फार आभारी आहे. घरून काम करता आलं, म्हणून मला माझ्या माणसांजवळ राहता आलं."

अंगणात गाडी चालू झाली, मागे वळली आणि रस्त्याला लागली. ओसरीत बांधून ठेवलेल्या रेलीनच्या दोन बॅगा तिथेच राहिल्या. गलाहांचा थवा ओरडत उडाला, पण कुत्रा नव्हता, त्यामुळे कुणी भुंकलं नाही.

"तुमच्याकडे किती शांत असतं हो," ब्रोडी म्हणाला.

"हो," रेलीन म्हणाली. बोट अजून वरच होतं. तिने ते दुसऱ्या हाताने धरून खाली घेतलं.