गिटारमधली ताई

कवळ्या बनवणाऱ्या काकांना ऐंशीच्या दशकातली इंग्रजी रॉक गाणी म्हणजे जीव की प्राण. शब्द एक कळत नसे, पण गिटार सुरू झाली की हातातली कवळीसुद्धा ताल धरायची. ही गाणी त्यांनी तरुणपणी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून भरून घेतली होती. सगळ्यात लाडक्या गाण्यात, गिटार अगदी रंगात आलेली असताना, त्यांची ताई ओरडलेली होती, "मेल्या, आधी तो पंखा बंद कर!"

परवा ती कॅसेट तुटली. पुतणीने तेच गाणं आपल्या फोनवर लावून दिलं. काका डोळे मिटून ऐकू लागले. गिटार आली आणि गेली, पण ताई काही ओरडली नाही. काकांचा पारा चढला.

"गाण्याचा जीवच काढून घेतलाय मेल्यांनी!"

पुतणीला गाणं परत लावायला सांगून त्यांनी तडक ताईला फोन केला.

"ताई, मी सांगितलं की ओरड. ते पंख्याचं."

"सत्तरी आली तरी तुझा वेडेपणा काही जाईना," ताई म्हणाली. पण गिटार रंगात येताच, काकांनी सांगायच्या आधीच, ती बरोबर ठेक्यावर ओरडली.

काका डोळे पुसत उठले आणि चाळीस वर्षांनी त्यांनी एकदाचा पंखा बंद केला.