इटलीच्या साहेबाची दाढी

तमाम सोलापूरकरांस कळवण्यात अत्यंत अभिमान वाटतो की, दुसऱ्या महायुद्धात इटलीचा एक तुरुंगाधिकारी केवळ आपल्या गावच्या कृपेने जिवंत राहिला! ही बातमी इतिहासाच्या पुस्तकात नाही. सत्तरच्या दशकात गिरणीसमोरच्या एका केशकर्तनालयात, तोंडाला साबण लागल्यावरच ती मिळे.

दुकानाच्या मालकाचे वडील पलटणीत न्हावी होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि इटलीच्या कैदेत त्यांना छावणीच्या साहेबाची दाढी करावी लागली. मुलगा ही कथा सर्वांगाने सांगे. साहेब झाला की गाल फुगवी, वडील झाला की वस्तरा आमच्या गळ्याशी आणून थांबे आणि हळूच म्हणे, "एवढंच अंतर हुतं बगा, मास्तर!" आम्ही साबणातले कैदी हलणार कुठे?

एकदा मी असाच खुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. बाकावरच्या एका गिरणी कामगाराने खोडी काढली, "मग कापला का न्हाय गळा? भ्याला व्हय तुजा बाप?"

वस्तरा माझ्या गालावरच थांबला. मी डोळे उघडून आरशात पाहिलं. दर खेपेला कथेत नवा मसाला घालणारा हा माणूस वस्तरा उचलून बाकाकडे वळला होता. कान लाल झाले होते. मग सगळं नाटक विसरून तो ओरडला,

"आरं, डोळं मिटून बसलेलं गिऱ्हाईक हुतं की त्ये!"