सीझन उतरल्यावर बघू

गावातल्या एकूण एक खिडकीचं माप तिला तोंडपाठ होतं. वरच्या हॉटेलच्या जेवणघराला सहा खिडक्या, प्रत्येकी सात फूट. डॉक्टरांच्या दवाखान्याला एकच, तीही वाकडी, डावीकडे दीड इंच उतरलेली. तीस वर्षं डोंगरावरच्या त्या गावात तिनं पडदे शिवले होते. हवा खायला आलेल्या पाहुण्यांना उशिरापर्यंत लोळता यावं म्हणून जाड अस्तराचे, आणि उठल्याबरोबर दरी दिसावी म्हणून एका ओढीत बाजूला सरणारे.

गळ्यात मोजायची टेप कायम. ती टेप गळ्यात घालूनच एका उन्हाळ्यात ती नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन बसली होती. खालच्या आळीत नऊ दिवस नळाला थेंब नव्हता आणि वर हॉटेलांच्या हौदात पाहुणे डुंबत होते.

"साहेब जेवायला गेलेत," कारकून म्हणाला.

"जेवू द्या की पोटभर," ती म्हणाली आणि तिथल्याच बाकावर पिशवीतून उशांचे अभ्रे काढून टाके घालायला बसली. साहेब जेवून आले, चहा पिऊन आले, ती हलली नाही. संध्याकाळी पाणी सुटलं. पुढच्याच महिन्यात गावसमितीनं तिला खुर्चीवर बसवलं, आणि त्यानंतर अकरा वर्षं दुसरं कुणी त्या खुर्चीसाठी उभंच राहिलं नाही. सगळा गाव तिला अध्यक्षबाई म्हणायला लागला. अर्ज हॉटेलमालकाचा असो की मोळीवालीचा, कागद पुरा असेल तर पुढे, नसेल तर परत. तिचा धाकटा भाऊ टॅक्सी चालवायचा. तो चारचौघांत हात जोडून सांगायचा, "आमच्या ताईची टेप सख्ख्या भावालाही इंचभर सोडत नाही, तुम्ही कोण लागून गेलात!"

तीन आठवड्यांपूर्वी तो गेला.

घाटात शेवटून दुसरं वळण आहे, त्याला सगळे फोटोचं वळण म्हणतात. तिथून अख्खी दरी पायाशी पसरलेली दिसते, म्हणून प्रत्येक गाडी तिथं थांबते. वळणाच्या बाहेरच्या कडेला काही नाही. एक मैलाचा दगड, एक वडाचं झाड आणि दोहोंच्या मधे मोकळं आभाळ. त्या सकाळी धुकं होतं. धाकटा पाहुण्यांना खाली सोडून रिकामी गाडी घेऊन वर येत होता. समोरून बस आली. त्यानं बसला जागा दिली. दिली ती जरा जास्तच दिली.

तेव्हापासून अध्यक्षबाईंचं सगळं चालू होतं. सकाळी दूध तापत होतं, मशीन चालत होतं, सुईत दोरा पहिल्या फटक्यात जात होता. भेटायला आलेल्या बायका रडत होत्या आणि ती त्यांना पाणी देत होती. भावजय एकदा तिच्या हाताला धरून म्हणाली, "ताई, रडा हो एकदा. मला भीती वाटते तुमची." तिनं प्रयत्नही करून पाहिला. काहीच झालं नाही. दवाखान्यात दात काढल्यावर गालाला हात लावला की दुसऱ्याच कुणाच्या गालाला लावल्यासारखं वाटतं, तसं तिला सगळ्या अंगभर वाटत होतं.

महिन्याची सभा गुरुवारी चार वाजता होती. ती येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. चारला पाच कमी असताना ती शाळेतल्या सभेच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली, तेव्हा हसणं, खुर्च्या ओढणं, बिस्किटांचा पुडा, सगळं जागच्या जागी थांबलं.

"सुरू करा, मास्तर," ती म्हणाली.

मास्तर म्हणजे समितीचे सचिव, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला, इतिवृत्ताची वही उघडली आणि खाकरले. "तर... मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं असं समजायचं का? म्हणजे आज जरा..."

"का? दर वेळी वाचता ना?"

"हो, पण..."

"मग वाचा."

मास्तर वाचू लागले. पथदिवे, कचऱ्याची गाडी, वरच्या हॉटेलसमोरचा गतिरोधक पाहुण्यांची कंबर मोडतो म्हणून काढून टाकणे, मंजूर. मग त्यांचा आवाज खाली गेला. "विषय सातवा. फोटोच्या वळणाला लोखंडी कठडा बसवण्याबाबत टॅक्सीचालकांचा अर्ज. सर्वानुमते असे ठरले की, सीझन उतरल्यावर विचार करावा."

"थांबा," ती म्हणाली. "सर्वानुमते नव्हतं. दुरुस्त करा."

वरच्या हॉटेलचे मालक तिच्या शेजारीच बसायचे. पांढरा शर्ट, हातात गाडीच्या किल्ल्या, मनानं वाईट नाही असा माणूस. ते हळूच म्हणाले, "अहो ताई, कशाला आता उगाळायचं ते? त्रास होईल तुम्हाला."

"मला काही होत नाहीये," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. "मास्तर, लिहा. विषय अध्यक्षांनी पुढं ढकलला. कारण लिहा."

"काय लिहू कारण?"

"अर्जदार अध्यक्षांचा भाऊ होता."

मास्तरांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मागच्या बाकावर टॅक्सीवाले बसले होते. त्यांच्यातला एक, आवाजामुळे ज्याला सगळे हॉर्न म्हणत, धाकट्याचा जिवाभावाचा दोस्त, तो पहिल्यांदाच खाली मान घालून गप्प होता.

धाकट्यानं तो अर्ज तीनदा आणला होता. पहिल्यांदा तोंडी. "लेखी द्या," ती म्हणाली होती. दुसऱ्यांदा लेखी आणला, तर "सगळ्या चालकांच्या सह्या कुठे आहेत?" दुसऱ्या कुणाला तिनं सह्या मागितल्या नसत्या. तिसऱ्यांदा, मार्चमधे, तो एकोणीस सह्या घेऊन याच खोलीत उभा राहिला.

"अध्यक्षबाई, आता काय कमी आहे ते एकदाच सांगून टाका. घरी विचारलं तर म्हणता, सभेत ये. सभेत आलो तर असं बघता, जसं काही मी तुमची किटली चोरलीय."

सगळे हसले होते.

"माप आहे का वळणाचं? किती फूट कठडा लागणार?"

"टेप तुमच्या गळ्यात आहे, ताई!"

"सभेत अध्यक्षबाई म्हणायचं."

"बरं, अध्यक्षबाई. उद्या सकाळी माझ्या गाडीतून चला, मोजा, मी परत आणून सोडतो. भाडं घेणार नाही."

पुन्हा हशा. तेव्हा मालक म्हणाले होते, कठडा आला की फोटो गेला, फोटो गेला की पाहुणे थांबणार नाहीत, ऐन हंगामात नको. आणि तिनं मालकांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, भावाच्याही नाही. तिनं मागच्या बाकांकडे पाहिलं होतं. भावाचं काम बहिणीनं केलं, असं तिथं कुणीतरी म्हणेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. "सीझन उतरल्यावर बघू," ती म्हणाली होती. तो खांदे उडवून बसला होता. जाता जाता दारात म्हणाला, "घरी ताई आहे, इथं अध्यक्षबाई. आता मी अर्ज करू कुणाकडे, ते तरी सांग!" आणि तिनं उत्तर दिलं नव्हतं, कारण पुढचा विषय आठवा होता.

"लिहिलं," मास्तर म्हणाले.

मग मालक उभे राहिले. घसा साफ करून म्हणाले, "माझा ठराव आहे. कठडा झालाच पाहिजे. मी तेव्हा विरोध केला, माझी चूक. लोखंड माझ्याकडून. आणि त्यावर आपल्या भावाच्या नावाची पाटी."

"पाटी नको," ती म्हणाली. "कठडा."

"पाटी नको तर नको. कठडा. हात वर करा सगळ्यांनी."

सगळे हात वर गेले. टॅक्सीवाल्यांचे दोन-दोन.

"तर मग सीझन उतरला," मालक खुर्चीत बसता बसता म्हणाले, "की पहिलं काम हेच!"

"पहिलं काम," मास्तर म्हणाले. मागच्या बाकावरूनही कुणीतरी "हो, हो" म्हणालं. त्या गावात लग्न, नळदुरुस्ती, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं सीझन उतरल्यावरच व्हायचं. तिनंही मान हलवली. "मंजूर," ती म्हणाली. "विषय दुसरा."

घरी येऊन तिनं चपला काढल्या, दिवा लावला आणि मशीनपाशी बसली. वरच्या हॉटेलचे नवे पडदे तयार होते. हॉलसाठी बारा पडदे, तपकिरी, जाड, दुहेरी अस्तराचे. शेवटच्या पडद्याच्या कड्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. चार कड्या लावून झाल्या आणि पाचवी हातात असताना तिच्या लक्षात आलं, आपण आज पुन्हा तेच केलं.

तिला धक्का वगैरे बसला नाही. कापलेलं कापड उलट्या बाजूनं जोडलं गेलंय हे लक्षात येतं आणि माणूस उसवायला घेतो, तसं तिनं कड्या पुऱ्या केल्या, पडद्यांच्या घड्या घातल्या आणि हॉर्नला फोन लावला.

"उद्या सकाळी सहाला गाडी आण. दोरखंड आण, चांगला जाड. आणि दोन रिकामी पिंपं."

"ताई, कुठं जायचंय?"

"माप घ्यायला."

सकाळी भावजयही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती घाटभर खिडकीबाहेर न बघता पडद्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसली होती. वळणावर उतरून अध्यक्षबाईंनी टेपचं टोक तिच्या हातात दिलं. "त्या दगडापाशी धर." मग स्वतः मागे मागे सरत झाडापर्यंत गेली. टेप पाच-पाच फुटांनी पुढे सरकवायची, खडूनं खूण करायची, पुन्हा टोक धरायचं. एकतीस फूट चार इंच. धाकट्याच्या गाडीतून आली असती तरी एवढंच भरलं असतं. तिनं आकडा वहीत लिहिला.

हॉर्ननं दगडापासून झाडापर्यंत दोरखंड ताणला, मधे दगड भरलेली पिंपं उभी केली. एकेक कडी दोरात ओवत त्या दोघींनी पडदे चढवले. साडेसातपर्यंत दरी संपली. वळणावर नुसतं तपकिरी कापड, व्यवस्थित चुण्या पडलेलं, वाऱ्यानं जरासं फुगणारं. पहिली गाडी आली, थांबली, एक काका कॅमेरा घेऊन उतरले, पडद्याकडे बघत राहिले.

"काय चाललंय इथं? शूटिंग का?"

"वळण आहे काका," हॉर्न म्हणाला. "हळू घ्या."

नऊ वाजता मालक आले. गाडीचं दार उघडंच टाकून धावत आले. "अध्यक्षबाई! हे माझे पडदे!"

"हो. माप बरोबर आलं."

"अहो, उद्या हॉलमधे साठ माणसं येणार आहेत!"

"येऊ द्यात की. ऊन येईल जरा."

"आणि इथं फोटो कसे काढणार लोक? हे काढणार कधी तुम्ही?"

"कठडा बसला की."

"काल मंजूर केला ना आपण? तुम्हीच केला ना? सीझन उतरल्यावर..."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मालकांना बरं वाटलं असतं, रागाशी बोलता येतं. ते भावजयीकडे वळले, ती पडद्याची खालची दुमड नीट करत होती. मग हॉर्नकडे. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि लोहाराला लावला. "किती दिवस लागतील रे? नाही, सीझनमधेच. आत्ता. अरे, आत्ता म्हणजे आत्ता!"

सहा दिवस लागले. ते सहा दिवस ती रोज सकाळी पडदे झटकायला जायची. सातव्या दिवशी लोहार खांब पक्के करून, कपाळ पुसत उभा राहिला. टॅक्सीवाले जमले होते, मालक होते, मास्तर वही घेऊन आले होते. पडदे उतरवून तिनं घड्या घातल्या. कठडा काळा, ओल्या रंगाचा वास येणारा. तिनं दोन्ही हातांनी त्याला ढकलून पाहिलं. हलला नाही.

मग तिनं गळ्यातली टेप काढून उंची मोजली.

"अर्जात उंची तीन फूट लिहिलीय," ती म्हणाली. "हा अडीच आहे."

लोहारानं मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "अहो, सहा इंचांनी काय होतंय? तेवढी दरी दिसली तर लोकही खूश, तुमचंही काम झालं."

"वरून एक पट्टी जोडा. सहा इंचांची."

"बाई, सीझनभर हा चालेल," लोहार म्हणाला, "पट्टी मग सीझन..." आणि स्वतःच थांबला.

ती पडद्यांच्या गठ्ठ्याकडे गेली आणि वरच्या पडद्याची घडी मोडली. हॉर्न दोरखंड पुन्हा ताणायला लागला. भावजय दुसरं टोक धरायला पुढे आली. दोघी समोरासमोर उभ्या राहून कड्या ओवू लागल्या.

"ताई," भावजय हळू आवाजात म्हणाली, "ते असते ना, तर म्हणाले असते..."

"काय?"

"इंचभर तरी सोड गं."

अध्यक्षबाईंना वाटलं, आता काहीतरी होईल. हसू येईल, नाहीतर दुसरं काही. ती हातातल्या कडीकडे बघत जरा थांबली. वारा आला, पडदा दोघींच्या मधे फुगला आणि खाली बसला. काही आलं नाही. तिनं ती कडी ओवली आणि पुढची हातात घेतली.