हयातीचा दाखला

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला: ‘नाही’. जेवणार का विचारलं की नाही म्हणायचे आणि ताट पुढे ओढायचे. त्यांना सगळं समजतं, फक्त हवा तो शब्द सापडत नाही, असं स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हाला दोनदा समजावलं होतं. नातेवाइकांना ते पटलं नव्हतं. ते कोपरीच्या घरी यायचे आणि बाबांच्या कानाशी ओरडायचे.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. बाबांचा अंगठा मशीन घेईना, म्हणून आई आणि मी त्यांना रिक्षाने बँकेत नेलं. काउंटरवरच्या साहेबांनी फोटो पाहिला, बाबांकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग नियमाप्रमाणे विचारलं, पेन्शनर तुम्हीच का?

“नाही,” बाबा म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. ती त्यांनी नीट वाचली. पण चिठ्ठीत आजार लिहिलाय, ओळख पटवलेली नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग आईकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, या तुमच्या मिसेस का? बाबांनी तेही ठामपणे नाकारलं. आईला सगळं माहीत होतं, तरी ती पदर सारखा करून भिंतीवरच्या गृहकर्जाच्या जाहिराती वाचायला लागली.

बाबांनी स्वतः ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत बसून लोकांना एकेका कागदासाठी परत पाठवलं होतं. साहेबांची अडचण आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळत असावी.

शेवटी साहेबांनाच मार्ग सुचला. ते जरा खाकरले.

“काका, तुम्ही वारलात का?”

“नाही.”

“मग झालं,” म्हणत त्यांनी शिक्का मारला.

हा किस्सा मी वर्षभर रंगवून सांगत होते, बाबांच्या देखत, जणू ते तिथे नाहीतच. एकदा पाहुणे खो-खो हसत असताना बाबा काठी टेकत उठले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ओरडणाऱ्या नातेवाइकांना मी नावं ठेवत होते. माझा आवाज तेवढा लहान होता, इतकंच.

आता मी तो किस्सा सांगत नाही. आई सांगते, त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याकडे बघत. तेव्हा बाबा हसतात.